समोरच्याचंही ऐका

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेला शिंपी ठणका विसरून शेजारच्या दीर-भावजयीचं बोलणं ऐकत होता.

“वहिनी, कट्टरतेविरुद्धच्या तुमच्या मोहिमेचा निधी बंद झाला म्हणे?”

“व्हायलाच हवा होता, भावजी. ‘समोरच्याचंही ऐका’ हे भाषण माझं, आणि शंका विचारणाऱ्या आजोबांच्या हातातला माइक हिसकावणारीही मीच.”

“देणगीदारांसमोर?”

“पहिल्याच रांगेत बसले होते बिचारे. वर मी टेबलसुद्धा बडवलं.”

“अरे देवा! मग?”

“काल त्यांचा फोन आला. म्हणाले, ‘तुमच्या भागात कट्टरपणा इतका असेल असं वाटलं नव्हतं.’ निधी दुप्पट केला!”

“आणि आजोबा?”

“पुढच्या सभेचं आमंत्रण द्यायला मी स्वतः त्यांच्या घरी गेले. म्हणाले, ‘येतो, पण माइक माझा मी आणीन.’”