वाचून केलेली सही

सासरे : ते साल मला विचारू नका, बाई, सूनबाईला विचारा. तिचा नवरा जन्मला ते साल. तो घरच्या पाळण्यात, मी परदेशात रोपवेच्या पाळण्यात. रडायचे दोघेही, त्याला दूध लागायचं, माझ्या पाळण्याला ग्रीस.

सून : एकोणीसशे चौऱ्याऐंशी. बाबांचं कॅलेंडर घरातल्या बाळंतपणांवर चालतं.

विमेवाल्या बाई : म्हणजे त्या देशात तुम्ही आधी जाऊन आलात, आजोबा. पण तेव्हा तिथे लढाई नव्हती.

सासरे : नव्हती. अलीकडे गाव, मधे नदी, पलीकडे दवाखाना. मी आणि माझ्या थोरल्या भावाने दोर ओढला. पुढे लढाईत पूल गेला, आता रोगी त्या पाळण्यातूनच पलीकडे जातात. दोर दोनदा बदलला म्हणे, खांब आमचेच. आता पुन्हा दोराच्या तारा तुटायला लागल्यात. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पत्र धाडलंय, हाताने जोड घालणारा माणूस कुठे मिळेना. जे होते ते वर गेले. खांबावर नव्हे, आणखी वर.

सून : ही असली थट्टा केली म्हणून यांचा मुलगा चार दिवस यांच्याशी बोलत नाहीये. मला म्हणाला, विम्याचा कागद पक्का असेल तर जाऊ दे, नाहीतर पासपोर्ट माझ्या कपाटात राहील. मी त्याला शब्द दिलाय. म्हणून मोबाइलवर फॉर्म भरूनच आणलाय, बाई. तीन मिनिटांत झाला. तुम्ही फक्त नजर टाका आणि पैसे भरून घ्या.

विमेवाल्या बाई : बघू. वय बहात्तर, बरोबर. रक्तदाबाची गोळी लिहिलीत, चांगलं केलंत. प्रवासाचं कारण, पर्यटन. काम, निवृत्त.

सासरे : हे कुणी लिहिलं?

सून : मी. पर्याय तेवढेच होते, बाबा. आणि खोटं काय त्यात? पेन्शन घेता म्हणजे निवृत्तच की. नदी बघणार म्हणजे पर्यटनच.

सासरे : बाई, या पॉलिसीचा सगळा कागद छापून देता का? मोबाइलवर माझं बोट अक्षरावर ठेवलं की अक्षरच पळून जातं.

विमेवाल्या बाई : चोवीस पानं आहेत, आजोबा. पहिल्या पानावर सार दिलंय, तेवढं वाचलंत तरी पुरे. बाकी बारीक टाइप कुणी वाचत नाही.

सासरे : मला मोठं अक्षर आणि बारीक अक्षर सारखंच कष्टाचं. सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकलो, नोकरीच्या डेपोतल्या प्रौढ वर्गात. तेव्हा वाचायचंच आहे तर शेवटून वाचतो. दोर तपासताना मधला गुळगुळीत भाग कोण बघतो? जोड बघायचा. सुटला तर तिथेच सुटतो.

विमेवाल्या बाई : छापते. पण बसा मग निवांत, प्रिंटर माझ्यापेक्षा म्हातारा आहे.

(अर्धा तास जातो. चहाचे दोन कप रिकामे, तिसरा गार झालेला.)

सासरे : हे बघ, सूनबाई. एकोणिसावं पान. "ज्या प्रदेशात जाऊ नये असे सरकारने सुचवले आहे, तेथील कोणतीही हानी." पुढे, "अंगमेहनतीचे काम करताना." त्याखाली, "तीन मीटरपेक्षा अधिक उंचीवर." तिन्ही वाक्यांत मीच बसलोय. यांनी माझा फोटो तेवढा लावायचा ठेवलाय.

विमेवाल्या बाई : खरं आहे. मीही सांगणारच होते. ही पॉलिसी तुम्हाला सामान हरवलं तर उपयोगी.

सून : मग सांगायचं ना आधी. नाहीतर मी पैसे भरून मोकळी झाले असते, आणि आम्ही घरी खुशाल झोपलो असतो.

सासरे : तसं एकदा झोपून झालंय या घरात.

सून : कधी?

सासरे : तेच साल. आमच्या मुकादमाने थोरल्याचा विम्याचा कागद केला. दोरकाम लिहिलं तर कागद लवकर होत नाही म्हणाला, कोठारातला माणूस लिहितो. थोरल्याने अंगठा दिला. घरी येऊन हसत होता, मला बढती मिळाली म्हणे, न चढताच. मी शेजारीच उभा होतो, मीही हसलो. दोघांनाही त्यात वाईट काही दिसलं नाही.

विमेवाल्या बाई : आणि ते पडले?

सासरे : बाराव्या खांबावरून. आम्ही विमा कंपनीच्या कचेरीत गेलो, मी आणि वहिनी. कारकुनाने विचारलं, कोठारातला माणूस खांबावर काय करत होता? दावा नाकारला. उठून आलो. थोरल्याला परदेशातच माती दिली होती, आणायला कुणी पुढे आलं नाही. तो कागद वहिनीने लुगड्याच्या घडीत ठेवला, कुणाच्या हाती दिला नाही. मी अक्षरं शिकलो म्हटल्यावर मला दिला. आयुष्यात मी पहिलं पूर्ण वाचलं ते तेच.

सून : बाबा, हे तुम्ही तुमच्या मुलाला कधी सांगितलं नाहीत.

सासरे : त्याच्या जन्माच्या सालाशी कशाला बांधू? द्या तो फॉर्म, बाई. पर्यटन खोडा. बहात्तर वर्षांचा दोराचा जोडारी, कामाला चाललाय, असं लिहा. आणि एवढं सगळं ऐकूनही मला घेणारा कुणी आहे का, ते बघा.

विमेवाल्या बाई : एक आहे. मदतकार्याला जाणाऱ्यांसाठीची पॉलिसी. लढाईचा प्रदेश चालतो, जखमी झालात तर विमानाने बाहेर काढतात, वाईट झालं तर घरी आणतात. महाग आहे. आणि वयाची अट सत्तर. थांबा, फोन लावते. तिथली बाई ओळखीची आहे, तोंडाने फटकळ पण कामाला सरळ.

सून : सत्तर म्हणजे संपलंच की.

सासरे : फोन तर होऊ दे. दोर तुटल्याशिवाय रडायचं नसतं.

विमेवाल्या बाई : झालं बोलणं. ती म्हणते, पंचाहत्तरपर्यंत घेऊ, पण हृदयाची तपासणी हवी, आणि त्या दवाखान्याचं पत्र हवं. अंगमेहनतीचं काम चालेल, वेगळा हप्ता भरून. एक अट मात्र ती सोडणार नाही. खांबावर चढायचं नाही. चढलात आणि काही झालं, तर विमान नाही, काही नाही. तसं लिहून सही द्यावी लागेल.

सून : घ्या लिहून. आत्ताच्या आत्ता घ्या.

सासरे : जोड जमिनीवरच घालतात, त्याला चढावं लागत नाही. पण बाराव्या खांबाच्या डोक्यावरची चाकं कुणीतरी बघायला हवीत. तिथे दोर घासतो. तेव्हाही घासायचा.

सून : कुणीतरी बघेल. तिथे तरणी माणसं नाहीत का?

सासरे : आहेत. पण त्या खांबावर मला एकदा जायचं होतं.

सून : कशाला?

सासरे : थोरल्याचा पाना वर राहिलाय. चौकटीला तारेने बांधलेला. मी बांधलेला, तो पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी. खाली आणवेना मला.

सून : बाबा, मग मला सरळ सांगा. तुम्ही सही करणार आणि तिथे जाऊन चढणार, असं असेल तर मी आत्ता उठते. तुमच्या मुलाला मी कागद पक्का आहे म्हणून सांगणार आहे. मला खोटं पाडू नका.

सासरे : तुझ्या सासूनेही मला कधी इतकं दटावलं नव्हतं.

सून : त्यांनी तुम्हाला चढू दिलं, म्हणून मला दटावावं लागतंय.

सासरे : आणा तो अटीचा कागद, बाई. वाचू दे.

विमेवाल्या बाई : घ्या. चारच ओळी आहेत.

सासरे : "मी कोणत्याही खांबावर, मनोऱ्यावर किंवा..." हा शब्द काय?

सून : शिडीवर.

सासरे : शिडीसुद्धा गेली. बरं. "शिडीवर चढणार नाही. चढल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी सर्वस्वी माझी राहील." पेन द्या.

सून : बाबा, नक्की?

सासरे : अंगठा दिला असता तर चढलो असतो. म्हटलं असतं, मला अडाण्याला काय ठाऊक काय लिहिलंय. वाचून सही केलीये, आता खाली उभं राहणं आलं. एखाद्या तरण्याला वर पाठवीन, पट्टा बांधून. चाकं तोही बघेल. आणि पाना काढून खाली दे म्हणेन.

विमेवाल्या बाई : सही छान आहे हो तुमची.

सासरे : डेपोतले मास्तर म्हणायचे, जोड घातल्यासारखी आहे, कुठे सुरू झाली कळत नाही.

विमेवाल्या बाई : शेवटचा एकच प्रश्न राहिला. "यापूर्वी विम्याचा दावा केला होता का? नाकारला गेला असल्यास तपशील द्यावा." इथे मी नाही म्हणून खूण करते.

सासरे : थांबा. मी लिहितो.

सून : बाबा, ते फक्त तुमच्या स्वतःच्या दाव्याबद्दल विचारतात.

विमेवाल्या बाई : लिहू द्या त्यांना. तीन ओळी मोकळ्याच आहेत.

सून : वाचा तरी मोठ्याने, काय लिहिताय ते. घरी गेल्यावर मला सांगावं लागेल.

सासरे : "माझा थोरला भाऊ. काम, दोराचे. नऊ मार्च एकोणीसशे चौऱ्याऐंशी रोजी बाराव्या खांबावरून पडून वारला."