कुंडीतल्या अंजिराची विरळणी

अंजिराची चार फळं तोडायला मी आत्याला बोलावलं, यावर तुम्ही हसणारच. पण आधी ऐका तर. थंडी सरली आणि आमच्या गच्चीवरच्या कुंडीतल्या अंजिराला पानं फुटायच्या आधीच फळं लागली. कुंडीतल्या एवढ्याशा झाडाला तो भार पेलत नाही. फळं काढली नाहीत तर झाड वाढणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण कात्री जवळ नेताना फांदी नुसती हलली तरी मी दचकून मागे.

आत्या बोरी बुद्रुकची. द्राक्षांच्या विरळणीत तिचा हात कुणी धरणार नाही. घडातले जास्तीचे मणी ती गप्पा मारता मारता कापते. आल्या आल्या म्हणाली, "तू खाली जा. पोराचं कान टोचताना आईला तिथं उभं करत न्हाईत."

मी कानांत बोटं घालून जिन्यात बसले. बराच वेळ झाला, तशी भीत भीत वर गेले. सगळी फळं जागच्या जागी! आत्या कुंडीपुढं मांडी घालून बसलेली.

"आत्या, अगं काय झालं?"

"काय न्हाई गं. तिथं मालकाची द्राक्षं असत्यात, हात सटासट चालतो. ही आपल्या घरची. लई गोजिरी दिसाया लागली."

"मग झाडाचं काय?"

आत्यानं कात्री माझ्या हातात ठेवली आणि हळूच म्हणाली, "तुझ्या आईला बोलव. आन् आपण दोघी जिन्यात बसू."