जावयाचं पॅनेल

गंगापूर रोडवरच्या बॅटरीच्या दुकानात मी नंबर लावून बसलो होतो. माझ्यापुढे दिंडोरीचे कोंडाजी आप्पा, काउंटरमागे मालक रियाजभाई.

“रियाजभाई, गाडीत टेपसाठी बसवलेली जादा बॅटरी पुन्हा उतरली. रविवारी जावईबापू येणार. टेप वाजला नाय तर तोंड कुठं दाखवू?”

“आप्पा, ती चार्ज राहावी म्हणून जावयानंच ओझरहून सोलर पॅनेल आणून दिलं ना?”

“दिलं ना. टपावर बसवलंय.”

“गाडी सावलीत लावता काय?”

“छ्या! दिवसभर उन्हात उभी हाय.”

“मग पॅनेलवर धूळ बसली असेल.”

“एक कण नाय! हिनं मखमलीचं कव्हर शिवलंय. वर मोर भरलाय.”

“कव्हर? दिवसभर?”

“दिवसभर. दिवस मावळला की काढतो, जरा हवा लागू देतो.”

“अहो आप्पा, ते चालतंच उन्हावर! जावई काही बोलले नाहीत?”

“बोलले की. म्हणले, मामा, उन्हात उघडं ठेवा.”

“मग?”

“मोठ्या मनाचा माणूस, बोलणारच! म्हणून आपण काय जावयाची वस्तू उन्हात ठेवायची?”