हायाशिदा साहेबांची त्सुबा आणि लाल टॅग

सन्माननीय अध्यक्ष आणि आमचे प्लांट हेड दौलतराव साहेब, या कार्यक्रमासाठी खास जपानहून आलेले हायाशिदा साहेब, आजचे सत्कारमूर्ती, टूलरूमचे ज्योतीराम काका, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या रुक्मिणीकाकू, आणि दुसरी शिफ्ट सुरू व्हायच्या आत जेवून घ्यावं म्हणून दाराजवळच्या खुर्च्या धरून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी साधना, क्वालिटीची. मला चार गोड शब्द बोलायला बोलावलंय, पण मी कबुलीजबाब द्यायला आले आहे. काकांच्या फाइलमध्ये सहा वर्षांपासून एक वॉर्निंग लेटर आहे. बत्तीस वर्षांच्या नोकरीतलं एकुलतं एक. ते नावावर घेऊन त्यांनी निवृत्त होऊन काळेवाडीला घरी जाऊ नये, एवढ्यासाठी मी उभी आहे. मला आत्ताच हसू फुटतंय, सांभाळून घ्या.

त्या वर्षीची खंडेनवमी आठवते? मशीनला झेंडूच्या माळा, पान्यांना हळदकुंकू. तेव्हा आपल्या प्लांटमध्ये असलेल्या हायाशिदा साहेबांनी हौसेनं आपल्या घरची त्सुबा पूजेत ठेवायला आणली होती. त्सुबा म्हणजे तलवारीचं पातं आणि मूठ यांच्या मधली लोखंडी चकती. तीनशे वर्षांची, वर उडत्या बगळ्यांची नक्षी. साहेब बूट काढायला वाकले आणि चकती ठेवली कुठे, तर माझ्या तपासणीच्या टेबलावर.

मी तेव्हा प्रोबेशनवर, अंगात भलताच उत्साह. मी काय केलं असेल? मापं घ्यायला व्हर्निअर लावला आणि लाल टॅग बांधला. 'गंज आहे. बाजूची दोन भोकं एकसारखी नाहीत. ड्रॉइंग उपलब्ध नाही. रीवर्क.' बगळ्यांविरुद्ध काही लिहिलं नाही, तेवढीच माझी रसिकता.

आपल्याकडे लाल टॅग म्हणजे थेट टूलरूम. काकांनी चकती पॉलिशच्या बफवर धरली, ताटासारखी लख्ख केली आणि कुंकू लावून स्वतः पूजेत आणून ठेवली. "सणाचा दिस हाय, भोकाचं उद्या बघू," म्हणाले. तो जुना काळपट गंज हेच तिचं मोल, हे आम्हाला कुठलं ठाऊक? साहेब मटकन सतरंजीवर बसले.

चौकशी झाली. काका एवढंच म्हणाले, "गंज दिसला, म्या घासला." आणि माझ्या सहीचा टॅग? तो त्यांनी गुपचूप खिशात घातला होता. लेटर त्यांना मिळालं, माझी नोकरी वाचली आणि मी गप्प बसले. त्याची मला लाज वाटते.

पुढचे पाच महिने काका जेवणाच्या सुट्टीत नवी त्सुबा घडवत होते. बगळे काही जमेनात, म्हणून त्यांनी गावाकडची ज्वारीची कणसं कोरली. दाण्यांना सोनं काकूंच्या नाकातल्या मोडक्या फुलीचं. साहेबांनी ती वडिलांच्या तलवारीला बसवली आहे. मघापासून तिचा फोटो ते सगळ्यांना दाखवतायत, चहावाल्यालासुद्धा.

दौलतराव साहेब, ते लेटर काकांच्या फाइलमधून काढावं, ही जाहीर विनंती. काका आत्ताच कानात म्हणाले, "पोरी, ऱ्हाऊ दे, मान्सं उपाशी हायती." नाही काका, आज नाही राहू देणार.

आपण सर्वांनी भूक आवरून ऐकलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला. आणि नोंद करायचीच झाली, तर या वेळी माझ्या नावावर करा.