नॉर्मल निघाला तर?

— नाही हो ताई, शाम्पूचा काय दोष! कंगव्यात मूठभर केस येताहेत, वर थकवाही येतो म्हणता — रक्त तपासून घ्या एकदा, थायरॉइडसाठी. मान जरा खाली, मागचे केस कापते. घाबरताय कशाला? मला डॉक्टरीणबाईंनी अगदी सोपं करून सांगितलंय. गळ्यात एक ग्रंथी असते, तिच्या हार्मोनवर शरीराचा गाडा चालतो. त्या हार्मोनचं नाव टी-फोर. आणि टीएसएच? तो वरून, मेंदूकडून येणारा हुकूम — 'अगं, हात चालव!' ग्रंथी मंदावली की हुकमाचा आवाज चढतो. म्हणून टीएसएच वाढलेला दिसला, की समजायचं ग्रंथी सुस्तावली. उलटंच आहे ना? मीही आधी चक्रावले. मग म्हटलं, हे तर आमच्या घरातलंच — सून जरा टेकली, की सासूबाईंचा आवाज चढलाच!

माझी तपासणी? केली की. रिपोर्ट सकाळीच आलाय मोबाइलवर. नाही, उघडला नाही — हलू नका, हातात कात्री आहे! — भीती? आजाराची नाही हो. वर्ष झालं, नुसती झोप, अंग जड, सगळे पंखा लावतात तेव्हा मी स्वेटर घालून बसलेली. सासूबाई म्हणतात, आळशी. हे काहीच म्हणत नाहीत, गुपचूप भांडी घासतात — ते जास्त लागतं मनाला. आणि रिपोर्ट नॉर्मल निघाला तर? मग मी खरीच आळशी ठरले ना!

तुम्ही वाचता? ...बरं, घ्या. मी तिकडे बघते. टीएसएच किती? अठरा? आणि पुढे कंसात? साडेचारपर्यंतच हवा? टी-फोर? कमी? ...म्हणजे ग्रंथी झोपलीय! मी नाही! अहो ताई, मी आळशी नाही! — हसू नका, केस वाकडे कापले जातील — थांबा, यांना फोन लावते. अहो, ऐकताय का? अठरा आला! चांगलं? नाही, चांगलं नाही — पण चांगलंच हो! संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे जाऊ, त्या बघतील काय गोळी द्यायची ती... काय म्हणालात? ...परत म्हणा.

...काही नाही हो ताई. म्हणतात, 'तू आळशी आहेस असं मला कधी वाटलंच नव्हतं. मला काळजी वाटत होती.' वर्षभर हा माणूस गप्प बसला, आणि आता —

झाले तुमचे केस. उठा. आरशात स्वतःकडे बघा हो, माझ्याकडे काय बघताय!