मारीआक्काच्या घरचं पाणी

आमी मूळचे खानापूरच्या रानातले किरिस्ताव, पर माझा जल्म शहापुरातला, बा माग चालवायचा, आई आन आमी दोघी भैणी सुताच्या कांड्या भरायचो. मी तेरेज, थोरली मारीआक्का. लग्नं बी एकाच गल्लीत झाली, दारासमोर दार. काय सांगू मास्तर तुमाला, येवढ्या जवळ ऱ्हाऊन सात वर्सं मी तिच्या उंबऱ्याला पाय लावला न्हाय.

झालं आसं, आई तिच्याकडं आजारी पडली तवा मी परगावी हुते, येईस्तवर गेली. बघते तर ओठ पार वाळल्याले. राग तर माझ्या नाकावरच बसल्याला! मयताच्या मेणबत्तीवर हात धरून म्हणले, आईला घोटभर पाणी पाजलं न्हाईस, तुझ्या घरच्या पाण्याला शिवणार न्हाय, क्रुसाची आण. ती आईची चादर नीट करत बसली. बोलली आसती तर बरं झालं आसतं.

मग चैन कुठलं? प्रार्थनेला बसलं की जीव समोरच्या दारात. एका साली जुन्या गोव्याच्या फेस्ताला, म्हंजे जत्रंला, मंडळी चालत निघाली, म्हणलं जाऊ, मन निवंल. गुंजी गावाच्या पुढं रान, तोंडाला कोरड, तर एका वाडीत कुळवाड्याची बाई, जातपात येगळी, तरी वरनं माझ्या ओंजळीत पाणी वतलं, म्हणली पी गं बाई, पोटभर पी. त्ये पाणी मला गिळंना बघा. परकीचं चालतं आन आक्काचं न्हाय? तिथनं पाय गोव्याकडं, जीव मागं.

गोव्यात कबुलीला बसले, सगळं वकलं. वाटलं, पाद्री जपमाळ सांगंल, गुडघ्यावर चाल म्हणंल. तो म्हणला, आसली आण देव ऐकतच न्हाय, जा, भैणीच्या घरचं पाणी पी, ह्येच तुझं प्रायश्चित्त. आगं बाई! येवढा घाट उतरून आले आन प्रायश्चित्त माझ्याच गल्लीत! दर्शन घेतलं न घेतलं, मंडळीच्या आदी म्हागं फिरले.

थेट आक्काच्या दारात. म्हणले, पाणी दे. आक्का चुलीपुढनं उठून आली. म्हणली, तेरेज, वैद्यानं पाणी देऊ नको म्हणून बजावलंतं, आई मागत हुती आन मी कान झाकून बसलेते. तू आण घेतलीस त्याच दिशी मी बी घेतली, ह्या हातानं तुला पाणी देणार न्हाय. मी दारातच बसले, लई रडले. मग तिनं तांब्या भरला, उंबऱ्यावर ठेवला आन पाठ फिरवली. म्हणली, मी दिलं न्हाय हां, तूच घेतलंस. मी गटागटा प्याले.

आता गोरा सायब जाणार म्हणत्यात, आमी दोघी बी म्हाताऱ्या झालो. मी रोज जाते, ती रोज तांब्या उंबऱ्यावर ठेवती, पाठ फिरवती. म्हणते, आक्का, चल गोव्याला, तुझी बी आण सुटंल, तर म्हणती गुडघे गेले गं. दोघींतली एक जण जायच्या आदी एकदा तिच्या हातनं मिळावं, येवढंच. न्हाईतर देवाची मर्जी. तुमी घ्या, उन्हाचं आलाय, पाणी घ्या. आवो, खाली ठेव म्हणू नगा. माझ्या हातनं घ्या.