नीव्हसबाईंचं वाईट रक्त

माननीय अध्यक्षा दोन्या रेखिना, व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेले मान्यवर, सत्कारमूर्ती डॉक्टर एव्हारिस्तो लांदासुरी, त्यांच्या सौभाग्यवती, आणि एस्मेराल्दास बंदराच्या या उकाड्यात टाय सैल करून बसलेल्या सभ्य स्त्री-पुरुषहो,

मी ओब्दुलिया काइसेदो, छातीच्या वॉर्डातली नर्स. सव्वीस वर्षं डॉक्टरांच्या मागून ट्रे घेऊन चालले. डॉक्टरांच्या निवृत्तीनिमित्त चार गोड शब्द बोला, असा निरोप आला. गोड म्हटलं की मला नीव्हस किन्योनेस आठवते. बंदरावर नारळाच्या वड्या विकायची.

ती आली खोकला, ताप घेऊन. फोटोत दोन्ही फुप्फुसांत गाठी. "डॉक्टरसाहेब, माझं रक्त वाईट आहे हो," म्हणाली. आता आपल्या बंदरात वाईट रक्त म्हणजे काय, हे शेंबडं पोरही सांगेल. सिफिलिस, दुसरं काय? पण डॉक्टर पडले राजधानीचे! तिकडे वाईट रक्त म्हणजे खुनशी स्वभाव. त्यांनी केसपेपरवर लिहिलं, 'रुग्ण भांडखोर'. वर मला म्हणाले, "सिस्टर, हिच्या तोंडी लागू नका." तिनं तळहात पुढे केले, त्यावर तांबूस चट्टे होते. यांनी आपले हात मागे घेतले. वा! काय ही विद्वत्ता!

मी म्हटलं, "साहेब, रक्त तपासू या. हा रोग फुप्फुसातही उतरतो."

"तुम्ही बेडपॅन सांभाळा, ओब्दुलियाबाई."

आणि कॅन्सर म्हणून तिच्या उजव्या फुप्फुसाचा मोठा तुकडा कापला. हीच ती गाजलेली शस्त्रक्रिया, जिच्यासाठी आज हे पदक आहे. टाळ्या वाजवा की, थांबलात का?

त्या तुकड्यात कॅन्सर औषधालाही सापडला नाही. मग मी कुणाला न विचारता रक्त तपासायला पाठवलं, सिफिलिसच निघाला. पेनिसिलिन टोचलं, आणि डावीकडच्या गाठी विरघळल्या. उजवीकडच्याही विरघळल्या असत्या, फुप्फुस जागेवर असतं तर. डॉक्टर म्हणाले, "हे कागदावर नको, बाईच्या अब्रूचा प्रश्न आहे." अब्रू कुणाची, हे मी काय सांगावं? मीही सहा वर्षं गप्प बसले, त्याची मला लाज वाटते.

हे सगळं नावासकट सांग, असं नीव्हसनंच मला बजावलंय. ती आलीये, तिसऱ्या रांगेत बसलीये. तिला दोन शब्द बोलायचेत. मोठ्यानं बोलायला तिला दम पुरत नाही, तेव्हा पंखे जरा बंद करा.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. माझ्या बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर आपण पोटात घाला. डॉक्टरांचं काय करायचं, ते ती सांगेल.